कमी म्हणजे किती?

"काका, आधी तुमच्या रेडिओचा आवाज बारीक करा बघू." आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम करत असताना दर आठवड्याला हे वाक्य मी निदान पाच-सहा वेळा तरी म्हणत असे. डॉक्टरांशी थेट बोलण्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. श्रोता घरातून किंवा गावातल्या एसटीडी बूथवरून फोन लावायचा, आपला आवाज रेडिओतून कसा येतो हे ऐकण्याच्या हौसेने रेडिओ शेजारीच मोठ्याने सुरू ठेवायचा, आणि रेडिओतला तो आवाज पुन्हा फोनमध्ये शिरून स्टुडिओत शिट्टी घुमू लागायची. काचेपलीकडचे तंत्रज्ञ हाताने खूण करायचे, डॉक्टर दचकून हेडफोन कानावरून उचलायचे आणि मी माझे ठरलेले वाक्य म्हणायचे. आवाज बारीक झाला की पलीकडूनही एक ठरलेले वाक्य यायचे: "डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्या एका पाहुण्यांना त्रास आहे."

हे पाहुणे बहुतेक वेळा स्वतः बोलणारेच असत. पाहुण्यांना रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, उठल्यावर किती वेळ ताटकळावे लागते आणि नंतर झोप कशी उडते, हे इतक्या बारकाव्याने दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, हे डॉक्टरांना कळायचे आणि मलाही. पण आम्ही दोघेही शेवटपर्यंत पाहुण्यांबद्दलच बोलत असू. बायकांच्या फोनमध्ये पाहुण्यांच्या जागी शेजारीण असायची. दवाखान्यात सासू शेजारी बसलेली असताना जे तोंडातून निघत नाही, ते शेजारणीच्या नावावर अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल असे सांगितले जात होते, याचे मला तेव्हा फारसे नवल वाटत नसे. रेडिओवर चेहरा दिसत नाही, एवढी सोय त्यांना पुरत होती.

डॉक्टरांची मात्र त्यामुळे अडचण व्हायची. दवाखान्यात त्यांना नाडी पाहता येते, जीभ बघता येते, पोट दाबून कुठे दुखते ते विचारता येते. रेडिओवर त्यांच्या हाती फक्त शब्द उरतात, आणि रुग्णाचे शब्द व डॉक्टरांचे शब्द कानाला सारखे लागले तरी त्यांचा अर्थ एक असेलच असे नाही. एकदा एका बाईंनी दिरांच्या "काळजाला सूज" आल्याचे सांगितले. मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते, आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी जे काळीज धडधडते ते हृदय असते. डॉक्टर हृदयाच्या वाटेने निघाले होते. डोळे पिवळे झालेत का, असे मध्येच विचारल्यावर प्रकरण काविळीचे आहे हे उघड झाले. पित्ताचा घोळ तर याहून मोठा. जळजळून आंबट पाणी तोंडात येते ते पित्त, अंगावर लालसर गांधी उठतात तेही पित्त, अर्धे डोके दुखून उलटी होते तेही पित्तच. आणि डॉक्टर पित्त म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस असतो. श्रोता "पित्ताचा त्रास आहे" म्हणाला की मी पहिल्यांदा "पोटातलं की अंगावरचं?" एवढेच विचारत असे. तेवढ्या प्रश्नाने पुढची पाच मिनिटे वाचत.

डॉक्टरांचीही एक वेगळी गोष्ट होती. दवाखान्यात "शुगर", "किडनी", "लिव्हर" असे सर्रास बोलणारे हे लोक लाल दिवा लागला की एकदम शालेय पुस्तकातल्या मराठीत शिरत. "मधुमेह हा चयापचयाचा विकार असून स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनच्या कमतरतेमुळे..." अशी सुरुवात झाली की मला समोर शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर ट्रान्झिस्टर ठेवून बसलेला माणूस दिसू लागे. स्वादुपिंड कुठे असते हे त्याला ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर कार्यक्रमाच्या पहिल्या वर्षापर्यंत मलाही ठाऊक नव्हते. मी विचारले. डॉक्टरांनी उत्तर म्हणून स्वतःच्या पोटावर आडवा हात ठेवून दाखवला, आणि मग स्वतःच हसले, कारण हात रेडिओवर दिसत नाही. "जठराच्या मागे, आडवं पडलेलं, वीतभराहून थोडं कमी," असे त्यांनी सांगितल्यावर मग कुठे ते मोकळे झाले आणि उरलेला कार्यक्रम त्यांच्या नेहमीच्या बोलीत झाला.

माझे काम काय, असे कोणी विचारले तर मी सांगत असे की "म्हणजे काय?" असे विचारण्याचे मला मानधन मिळते. हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्याला कळलेले असताना न कळल्यासारखे विचारावे लागते, शिकलेल्या माणसांसमोर अडाणी दिसण्याची तयारी ठेवावी लागते, आणि डॉक्टर रंगात आलेले असताना त्यांचे वाक्य तोडण्याचा उद्धटपणा करावा लागतो.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा बालरोगतज्ज्ञ आले होते. विषय अर्थात जुलाबांचा. पाकीट नसेल तर जलसंजीवनी घरी कशी करायची, हे त्यांनी एका दमात सांगून टाकले: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मी विचारले, चमचा कोणता? आमच्या घरी आमटी वाढायचा चमचा आहे, पोह्यांचा आहे आणि चहाचाही आहे. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, चहाचा. आणि तोही शीग लावून नाही, बोटाने सपाट केलेला. मग लिटर कसे मोजायचे? "बिसलेरीची बाटली घ्या," ते पटकन म्हणाले. आमच्याकडे कोणत्याही मालाचे व्यापारी नाव घ्यायचे नाही असा दंडक होता, त्यामुळे काचेपलीकडे ड्यूटी ऑफिसरांच्या भुवया वर गेल्या. मी घाईघाईने "म्हणजे बाजारात मिळते ती कोणतीही एक लिटरची पाण्याची बाटली" असे सारवून घेतले. त्यानंतर डॉक्टरांनी आपण होऊन जे सांगितले ते फार मोलाचे होते. साखर आणि मिठाचे प्रमाण उलटे झाले, किंवा मीठ सढळ हाताने पडले, तर हे पाणी बाळाला अपायकारक ठरते. म्हणून पाणी तयार झाले की आधी आईने चाखून पाहावे आणि ते डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे. मी सगळे प्रमाण पुन्हा एकदा, लिहून घेता येईल इतक्या सावकाश, वाचून दाखवले. या पुनरुक्तीवर एका वरिष्ठांनी नंतर नापसंती दाखवली होती. माझे मत आजही बदललेले नाही: छापलेल्या मजकुराकडे परत जाता येते, रेडिओच्या वाक्याकडे येत नाही, त्यामुळे आकडा दोनदा सांगायलाच हवा.

ही शिस्त माझ्यात कुठून आली याचा विचार करते तेव्हा आईची वही आठवते. विविध भारतीवर सोमवारी दुपारी चारच्या 'पिटारा'मध्ये 'सेहतनामा' लागायचा. डॉक्टरांशी हिंदीतून गप्पा आणि मधूनमधून त्याच डॉक्टरांच्या आवडीची चित्रपटगीते, असा त्याचा थाट. आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून जुन्या डायरीत टिपणे काढायची. त्यात गुडघेदुखी, मोतीबिंदू आणि मुलांचा दमा यांच्या शेजारी गाण्यांचीही नोंद असायची. डॉक्टर कसे आहेत हे ती त्यांच्या गाण्यांवरून ठरवत असे. तलत महमूद निवडणाऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांचा शब्द तिने पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानला. हे शास्त्रीय नव्हे, हे मान्य. परंतु पाच मिनिटे सांध्यांच्या झिजेबद्दल ऐकल्यावर तीन मिनिटांचे गाणे लागते, तेवढ्यात ऐकलेले डोक्यात मुरते आणि वहीतले अर्धे वाक्य पुरे करता येते. आमच्या कार्यक्रमात गाणी नव्हती, आणि ती उणीव मला नेहमी जाणवली. डॉक्टरांना श्वास घ्यायला जागाच नसायची.

सगळ्यांत जास्त लक्षात राहिलेला फोन नागिणीचा. वाडीवरून एक सून बोलत होती. सासऱ्यांच्या उजव्या बरगडीखाली पाण्याने भरलेल्या फोडांची ओळ उठली होती, ती पाठीकडून पुढे सरकत होती, आणि घरातल्यांनी गेरूचा लेप लावून ठेवला होता. "तोंड आणि शेपूट जुळायला चार बोटं उरलीत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता. नागिणीने वेढा पुरा केला की माणूस जातो, ही समजूत आपल्याकडे किती खोलवर आहे हे वेगळे सांगायला नको. मला भीती होती की त्वचारोगतज्ज्ञ असलेले आमचे पाहुणे हसतील किंवा अंधश्रद्धेवर व्याख्यान देतील. त्यांनी दोन्ही केले नाही. लहानपणी आजोबांना कांजिण्या आल्या होत्या का, एवढेच त्यांनी विचारले. आल्या होत्या. मग त्यांनी सांगितले की कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावर शरीरातून जात नाही, मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झाल्यावर किंवा अंगातली ताकद कमी झाल्यावर एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. आणि मग त्यांनी ते चार बोटांचे कोडे सोडवले. मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या असतात, एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. उजवीकडचा तंतू पाठीच्या मध्यापासून छातीच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे त्याची हद्द संपते. फोड त्या तंतूच्या वाटेवरच उठतात, म्हणून ते मध्यरेषेपाशी थांबतात. वेढा पुरा व्हायला रस्ताच नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग प्रश्न आला: "म्हणजे मरत नाही ना माणूस?" त्या दिवशी "म्हणजे" विचारण्याचे माझे काम तिनेच केले. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितले, आणि लगेच तिला घाईलाही लावले: फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो, उशीर झाला तर म्हाताऱ्या माणसांत फोड सुकल्यावरही त्या जागी महिनोन्महिने आग होत राहू शकते, आणि असे फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ उठले तर एक दिवससुद्धा थांबू नये. घरात कांजिण्या न झालेले लहान मूल असेल तर त्याला फोडांपासून दूर ठेवायलाही त्यांनी सांगितले. गोळीचे नाव आणि मात्रा त्यांनी सांगितली नाही. ती त्यांची शिस्त होती: रेडिओवरून आजार समजावून सांगायचा, न पाहिलेल्या माणसाला औषध लिहून द्यायचे नाही.

डॉक्टरांनी रेडिओवर बोलावे की नाही, हा प्रश्न या व्यवसायात जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवर सकाळी बोलणारे 'रेडिओ डॉक्टर' ब्रिटनभर लोकप्रिय होते. बद्धकोष्ठावर बोलताना सुकवलेल्या आलुबुखारांना "काळ्या कोटातले कारकून" म्हणणाऱ्या या जाड्याभरड्या आवाजाच्या गृहस्थांचे नाव, चार्ल्स हिल, कार्यक्रमात सांगितले जात नसे. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये हा व्यवसायाचा दंडक त्यामागे होता. हेच हिल पुढे १९५० मध्ये संसदेत निवडून गेले आणि १९६७ मध्ये बीबीसीचे अध्यक्ष झाले, त्यामुळे त्यांचे नाव फार काळ झाकून राहिले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही तीच काळजी आहे: सार्वजनिक आरोग्याविषयी डॉक्टरांनी रेडिओवर बोलायला हरकत नाही, मात्र त्यातून स्वतःकडे रुग्ण ओढण्याचा उद्देश नसावा. आम्ही डॉक्टरांचे नाव आणि पदवी सांगत असू, दवाखान्याचा पत्ता नाही. कार्यक्रम संपल्यावर तो विचारणारे फोन ड्यूटी रूममध्ये येत राहायचे, आणि "आम्हाला सांगता येणार नाही" या उत्तरावर लोक रागवायचे.

हल्ली डॉक्टरांशी गप्पा म्हणून जे प्रायोजित कार्यक्रम कानावर पडतात, त्यांत पत्ता, फोन नंबर आणि शाखांची यादी हाच मुख्य मजकूर असतो. मधुमेह मुळासकट बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी वाक्ये अशी बेतलेली असतात की कायदा मोडल्यासारखा वाटू नये आणि ऐकणाऱ्याला हवे ते ऐकू यावे. फोन करणाऱ्या प्रत्येकाला फरक पडलेला असतो. त्यांच्यापैकी कोणाचाही रेडिओ मागे वाजत नसतो, याकडे माझे लक्ष लगेच जाते.

आता माझी चूक. विषय मधुमेहाचाच होता आणि डॉक्टर चांगले अनुभवी होते. मधुमेहाच्या रुग्णाची साखर औषधांमुळे एकदम उतरली तर काय होते, हे त्यांनी उत्तम सांगितले: दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, कडकडून भूक, आणि मग बोलण्यात असंबद्धपणा. "अशी शुगर कमी झाली तर वाट न बघता साखर किंवा गूळ खा," असे ते म्हणाले. वेळ संपत आली होती, तंत्रज्ञ बोटांनी उरलेली मिनिटे दाखवत होते आणि मी पुढच्या फोनकडे वळले.

बाराएक दिवसांनी पोस्टकार्ड आले. अक्षर वळणदार, निवृत्त शिक्षकाचे असावे असे. त्यांनी आमचे मनःपूर्वक आभार मानले होते. त्यांची साखर २८० होती, गोळ्यांनी ती १७० पर्यंत कमी झाली होती, आणि आपल्या कार्यक्रमात सांगितल्याप्रमाणे ती कमी झाल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ गोड चहा आणि जेवणानंतर गुळाचा खडा घेत होते. इतक्या वर्षांनी गोड खायला परवानगी मिळाल्याचा आनंद त्या कार्डाच्या प्रत्येक ओळीत होता.

मी ते कार्ड तीनदा वाचले. त्यांनी काहीच चुकीचे ऐकले नव्हते. २८० च्या मानाने १७० ही कमीच. "कमी म्हणजे किती?" हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि त्याला चार सेकंद पुरले असते. त्याच दुपारी मी त्यांना उलट टपाली कार्ड लिहिले आणि डॉक्टरांना फोन केला. ते चिडतील असे वाटले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे कार्ड एकाचं आलं. लिहिलं नाही असे किती असतील?" पुढच्या आठवड्याचे वक्ते ठरलेले होते, तरी कार्यक्रम अधिकाऱ्यांनी पहिली पाच मिनिटे काढून दिली आणि डॉक्टर दवाखाना अर्ध्यावर सोडून आले. त्यांनी आकडे सांगितले, मी ते पुन्हा सांगितले. ७० च्या खाली आली तर ती कमी. तेव्हा चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि बरे वाटले की वेळेवर जेवायचे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखान्यात न्यायचे. १५०, १७०, २०० यांतली कोणतीही कमी नव्हे.

दोन-अडीच महिन्यांनी मधुमेहावर पुन्हा फोन घेतले, तेव्हा एका गावाचे नाव ऐकून मी सावरून बसले. पोस्टकार्डावरचा पत्ता मला पाठ झालेला होता.

"ताई, रेडिओ आधीच बारीक केलाय," पलीकडून आवाज आला. "पाहुण्यांचं नाही, माझंच विचारतोय. आज उपाशीपोटी ११८ आली. ही कमी धरायची की कशी?"

डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू असताना ही अगदी जागच्या जागी आहे, कमीही नाही आणि जास्तही नाही.

"म्हणजे चहा?"

"बिनसाखरेचा, गुरुजी."

"दोन्ही वेळचा?"

"दोन्ही वेळचा."